बॅग गेली, रविवार मिळाला

परदेशातल्या ऑफिस ट्रिपचे तीन नियम आहेत. पहिला, तुमची बॅग तुमच्याबरोबर पोहोचेलच असं नाही. दुसरा, जी वस्तू सगळ्यात जास्त लागणार असते ती नेमकी त्याच बॅगेत असते. आणि तिसरा, हे दोन्ही घडायचं असेल तर ते रविवारीच घडतं. हे नियम मला कुणी शिकवले नाहीत. मी ते स्वतः, पार जर्मनीत जाऊन शोधून काढलेत.

तर झालं असं. मे २०२४. आमच्या पुण्याच्या ऑफिसने मला पाच दिवसांसाठी स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं. माझी पहिलीच फॉरेन ट्रिप. ऑफिसात पार्टी मागून झाली, आईने बेसनाचे लाडू वळून झाले, मॅनेजरने ‘मस्त एंजॉय कर’ म्हणून झालं. आणि त्याच दमात तो म्हणाला, ‘‘डेक मात्र रविवार संध्याकाळपर्यंत फायनल करून पाठव. सोमवारी सकाळी नऊला क्लायंटसमोर आहे.’’

डेक म्हणजे आमच्या भाषेत प्रेझेंटेशन. एकोणीस स्लाइड्सचं. त्यातली चौदावी स्लाइड लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

शनिवारी संध्याकाळी मुंबईहून निघाले. मध्ये आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायला पंचावन्न मिनिटं होती. मी धावले. बॅग धावली नाही. रविवारी पहाटे फ्रँकफर्टला सामानाच्या पट्ट्यापाशी शेवटी एक गुलाबी बाबागाडी आणि मी, अशा दोघीच उरलो. मग बाबागाडीचेही मालक आले.

काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे एक कार्ड पुढे केलं. त्यावर बॅगांची चित्रं होती, आपली ओळखून दाखवायची. ‘‘काळी, मध्यम, चाकांची,’’ मी म्हणाले. माझ्याआधी किती जणांनी हेच उत्तर दिलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. (धडा पहिला: बॅगेला आईची जुनी जरीची नाडी बांधा. लाज वाटली तरी बांधा.) बॅग मंगळवारी येईल, म्हणाल्या. प्रेझेंटेशन सोमवारी. सूट बॅगेत, बूट बॅगेत, लाडू बॅगेत. अंगावर जीन्स आणि एक टी-शर्ट, ज्याच्यावर विमानातल्या टोमॅटो ज्यूसने स्वतःचा नकाशा काढला होता.

जाऊ दे, म्हटलं. हे युरोप आहे, पहिलं दुकान दिसलं की शर्ट घेऊ.

फ्रँकफर्ट विमानतळालाच वेगवान गाडीचं स्टेशन जोडलेलं आहे. तिथून स्टुटगार्ट साधारण सव्वा तासावर. जर्मन गाड्या म्हणजे घड्याळ लावून घ्यावं, असं आपण ऐकत आलेलो असतो. माझी गाडी चाळीस मिनिटं लेट होती आणि आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलला. लोक सुटकेसी घेऊन जिन्यांवरून पळत होते. मला एकदम दादरला आल्यासारखं वाटलं. माझ्याकडे सुटकेस नव्हती, म्हणून मी सगळ्यांच्या पुढे होते. चला, काहीतरी फायदा!

स्टुटगार्ट हे वाटीसारख्या खोलगट दरीत वसलेलं शहर. चारी बाजूंनी डोंगर आणि त्या उतारांवर द्राक्षांचे मळे, अगदी मुख्य स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा. नाशिकच्या माणसाने इथे गाडीतून उतरावं आणि घरी फोन लावावा! मोटारगाडीचं तर हे माहेरच. गोटलीप डायमलरने १८८० च्या दशकात इथल्याच कानश्टाट भागात बागेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये इंजिनावर खटपट केली. १८८६ मध्ये रोबर्ट बॉशने इथेच आपलं वर्कशॉप उघडलं. आणि गंमत म्हणजे मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकांची भगिनी शहरं आहेत. स्टेशनावर उतरताच नातं पटलं. सगळीकडे पत्रे, बॅरिकेड्स, खोदकाम. नवं भूमिगत स्टेशन बांधायला त्यांनी २०१० मध्ये घेतलं, मूळ ठरलं होतं २०१९. मी गेले २०२४ ला आणि काम चालूच! बहीण शोभते हो मुंबईची.

हॉटेल मारीएनप्लाट्झजवळ होतं. छोटं, आणि रविवारचं रिसेप्शनवर कुणीच नाही. दाराला कोड. खोलीत गेले, लॅपटॉप काढला. बॅटरी अकरा टक्के. चार्जर हातात घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आपल्या फोनच्या चार्जरच्या दोन गोल पिना जर्मनीच्या भोकात बसतात. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. त्याला अडॅप्टर लागतो. अडॅप्टर मी आठवणीने घेतला होता. तो कुठे होता, ते तुम्हाला कळलंच असेल. (धडा दुसरा: अडॅप्टर, एक जोडी कपडे आणि बेसनाचे लाडू कायम हातातल्या बॅगेत.)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. शर्ट, अडॅप्टर, टूथब्रश. तीन वस्तूंची यादी. खाली उतरले, ट्राम पकडली आणि क्योनिगश्ट्रासला पोहोचले. हा तिथला लक्ष्मी रोड समजा. एक किलोमीटरहून लांब, फक्त चालणाऱ्यांसाठीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. काचेत शर्ट होते. काचेत सूट होते. काचेत तर माझ्या मापाचे बूटही होते.

आणि सगळी दारं बंद.

आपल्याकडे ‘रविवारी बंद’ म्हणजे एखादं दुकान. इथे रविवार म्हणजे अख्खं शहर. आणि ही कुणाची लहर नाही, हे थेट त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेत लिहिलं होतं की रविवार हा कामातून विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने संरक्षित राहील. १९४९ ची नवी घटना आली तेव्हा तिच्या १४० व्या कलमाने ती तरतूद तशीच उचलून घेतली. २००९ मध्ये बर्लिनमध्ये नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला दिलेली परवानगी त्यांच्या घटना न्यायालयाने चूक ठरवली. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे एखाद्या गावाला वर्षातून फार तर तीन रविवारी दुकानं उघडता येतात. माझा रविवार त्या तिनांतला नव्हता. अर्थात.

स्टेशनातल्या दुकानांना मात्र सूट असते, प्रवाशांसाठी म्हणून. तिथे पळाले. टूथब्रश मिळाला. चॉकलेट होतं, फुलं होती, बियर होती. अडॅप्टरही होता! पण उलटा. जर्मन माणसाला परदेशात न्यायचा. शर्ट नव्हताच. तहान लागली म्हणून पाण्याची बाटली घेतली, मोठा घोट घेतला आणि नाकातून सोडा आला. तिथे पाणी घेताना ‘श्टिल’ असं लिहिलंय का ते बघायचं, नाहीतर बुडबुडे. शहराखालीच खनिज पाण्याचे झरे आहेत म्हणे, तेव्हा बुडबुड्यांचा त्यांना अभिमानच.

काचेच्या त्या बंद दारासमोर पुन्हा येऊन मी उभी होते, तेव्हा साडेबारा वाजले होते. भारतात चार. आणि फोन वाजला.

आजोबा.

माझे आजोबा लालबागला राहतात. वय शहाऐंशी. अठराव्या वर्षी मिलमध्ये लागले. दर रविवारी दुपारची झोप झाली, चहा झाला की बरोब्बर चार वाजता मला फोन करतात. मी काय केलं सांगू? मी फोन कट केला आणि बोटांनी आपोआप मेसेज टाइप झाला, ‘आजोबा कॉलवर आहे, नंतर करते.’

मेसेज गेल्यावर मी तो वाचला. कॉल? कसला कॉल? लॅपटॉप मेलेला, ऑफिस सहा हजार किलोमीटरवर, समोर बंद दुकान आणि हातात सोड्याची बाटली. मी खोटं बोलले होते आणि ते मला कळलंसुद्धा नव्हतं. बोटांना सवय झाली होती. वर स्क्रोल करत गेले. ‘कॉलवर आहे, नंतर करते.’ ‘कॉलवर आहे, नंतर करते.’ मार्चपासून सलग नऊ रविवार. आणि खाली प्रत्येक वेळी आजोबांचं एकच उत्तर, ‘बरं बाळा.’

नंतर मी फोन केला होता का? दोनदा. बहुतेक.

मग म्हटलं, बॉस, आज काहीच होणार नाहीये. ऑनसाइटला असलेला आमचा एक सीनियर, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो आणि वहिनी बोब्लिंगेनला राहतात. जवळच आहे. पण ते बोडनसे तलावावर गेले होते, संध्याकाळी परतणार. ‘‘ये रात्री जेवायला, अडॅप्टर आहे माझ्याकडे,’’ दादा म्हणाला. म्हणजे माझ्या हातात सहा तास होते, आणि त्यात करायला काम शून्य. शेवटचं असं कधी झालं होतं, ते आठवेना.

आजूबाजूला बघितलं तर सगळं स्टुटगार्ट तसंच रिकामटेकडं! दुकानं बंद, तरी रस्ता माणसांनी फुललेला. लोक बंद काचा बघत आरामात फिरत होते. राजवाड्यासमोरच्या श्लोसप्लाट्झच्या हिरवळीवर आडवे पडले होते. नुसते! कुणी कानात काही घातलेलं नाही, कुणी रील बनवत नाही. एक आजी आणि आजोबा एकाच कपातून आइस्क्रीम खात होते.

आइस्क्रीमची दुकानं चालू असतात, हे कळल्यावर मीही घेतलं. ‘स्पॅगेटी आइस’ नावाचा प्रकार. १९६९ मध्ये जवळच्याच मानहाइम शहरात निघालेला. व्हॅनिला आइस्क्रीम आपल्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून शेवयांसारखं पाडायचं, वर स्ट्रॉबेरीचा लाल सॉस, त्यावर चीज वाटावं असं पांढरं चॉकलेट. दिवाळीला शेव पाडणाऱ्या आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर, ‘बेसन कमी पडलं का?’

मग परत मारीएनप्लाट्झला आले. तिथून ‘त्साके’ नावाची दात्यांच्या रुळावरची गाडी डोंगर चढते. १८८४ पासून. आपल्या माथेरानच्या राणीसारखी ही काही सहलीपुरती नाही. रोज ऑफिसला जाणारे लोक याच गाडीने येजा करतात. पुढे सायकली ठेवायला वेगळा डबा. गाडी चढत जाते आणि मागे अख्खी वाटी उलगडत जाते. लाल छपरं, मधूनच मळे, आणि घरांच्या मधून वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या. या पायऱ्यांना तिथे ‘श्टेफेले’ म्हणतात. पूर्वी द्राक्षमळ्यांत चढण्या-उतरण्यासाठी केलेल्या. अशा चारशेहून जास्त पायवाटा आहेत शहरात. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर जाणाऱ्या माझ्यासारखीने येताना त्यातल्या एकीने उतरायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांनी संप पुकारला, तो भाग वेगळा.

वर डेगरलोखला उतरून जंगलातून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की टीव्ही टॉवर येतो. १९५६ मध्ये सुरू झालेला, २१७ मीटर उंच. काँक्रीटचा टीव्ही टॉवर बांधण्याची कल्पना जगात पहिल्यांदा इथे प्रत्यक्षात आली. फ्रिट्झ लेओनहार्ट नावाच्या इंजिनियरची. आधी साधा लोखंडी खांब उभारायचं घाटत होतं. हा म्हणाला, एवढा खर्च करताच आहात तर वर लोकांना उभं राहून बघायला जागा का नको? बघण्याची जागा दीडशे मीटरवर आहे. लिफ्टने वर गेले. वारा भन्नाट. खाली सगळीकडे जंगल, पलीकडे शहर, आणि लांबवर निळसर डोंगरांच्या रांगा.

तिथे उभं राहून मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘‘अगं, कॉल संपला वाटतं?’’

‘‘आजोबा, कॉल नव्हताच. सवयीने लिहिलं. सॉरी.’’

ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘कुठे चढलीयेस तू? वारा किती तो!’’ मी फोन फिरवून सगळं दाखवलं. मग आजच्या दिवसाची कर्मकथा सांगितली. बॅग गेली, शर्ट नाही, दुकानं बंद. आजोबा पोटभर हसले. मग विचारलं, ‘‘सगळीच बंद? रविवार म्हणून?’’

‘‘हो ना. घटनेतच आहे त्यांच्या.’’

‘‘बरं आहे,’’ आजोबा म्हणाले. ‘‘तिकडेही कुणीतरी भांडलं असेल मग.’’

मला वाटलं होतं, रविवारची सुट्टी ही इंग्रजांनी येताना बरोबर आणली आणि जाताना विसरून गेले. आजोबांनी मला टॉवरच्या टोकावर उभं करून इतिहास शिकवला. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली. सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांनी नाकारले, पुन्हा केले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला कामगारांची प्रचंड सभा झाली, आणि तिथे दोन कामगार बायका उठून बोलल्या. त्यानंतर मालक नमले. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. २००५ मध्ये टपाल खात्याने लोखंड्यांचं तिकीट काढलं, ते आजोबांनी अजून पाकिटात ठेवलंय. फोनवर दाखवलंसुद्धा, उलटं.

‘‘सहा वर्षं लागली एक रविवार मिळवायला,’’ आजोबा म्हणाले. ‘‘माझा बाप सांगायचा. मी मिलमध्ये होतो तेव्हा रोज भोंग्याने जाग यायची. रविवारी भोंगा नसायचा. मग त्या शांततेनेच जाग यायची. उठायचं, दाढी करायची, मटण आणायचं आणि तुझ्या बापाला खांद्यावर घेऊन राणीच्या बागेत जायचं. बस्स.’’

‘‘आणि संपानंतर?’’ मी विचारलं. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा आजोबा चव्वेचाळीसचे होते. घरात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

‘‘संपात सगळेच वार रविवार झाले,’’ ते म्हणाले. ‘‘पण त्याला रविवार नाही म्हणत बाळा. सहा दिवस काम असलं तर सातव्याला रविवार म्हणायचं.’’

मग एकदम, ‘‘तुला आहे ना रविवार?’’

मी म्हटलं, ‘‘आहे की. शनिवार-रविवार दोन्ही आहेत. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय.’’

‘‘लिहिलंय ते ठीक. आहे का?’’

फोन एक तास दहा मिनिटं चालला. बॅटरी संपेपर्यंत.

खाली उतरून एका छोट्या हॉटेलात जेवले. माउलटाशेन नावाचा तिथला खास पदार्थ. सारण भरलेले पिठाचे चौकोनी खिसे. दंतकथा अशी की, उपासाच्या दिवसांत मठातल्या साधूंना मटण खायची इच्छा झाली, म्हणून त्यांनी ते पिठात लपवलं, देवाला दिसू नये म्हणून. श्रावणात ‘बाहेर खाल्लं तर चालतं’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना हा पंथ नक्की आवडेल.

आणि एक गोष्ट तिथे बसून जाणवली, ती सांगितलीच पाहिजे. मला हा सुंदर रविवार ज्यांनी दिला ते सगळे त्या दिवशी कामावर होते. त्साकेचा ड्रायव्हर, टॉवरवर तिकीट फाडणारी मुलगी, आइस्क्रीमवाला, मला वाढणारा हा मुलगा. सगळे कुठून कुठून आलेले. पुण्यातही मी रविवारी रात्री बिर्याणी मागवते, तेव्हा एका पोराचा रविवार माझ्या दाराची बेल वाजवत असतो. तेव्हा जर्मनी स्वर्ग आणि आपण नरक असं काही नाही. रविवार कुणाला मिळतो आणि कुणाच्या जिवावर मिळतो, हा हिशोब दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की, तो हिशोब तिथे निदान कोर्टापर्यंत जातो.

रात्री बोब्लिंगेनला दादा-वहिनींकडे वरण-भात, वर तूप. अडॅप्टर मिळाला. टी-शर्टवरचा नकाशा बघून वहिनी म्हणाल्या, ‘‘शर्ट माझा तुला होणार नाही गं, कुर्ता होईल.’’ मोरपंखी कुर्ता, काठाला बारीक जर. दिवाळीचा. खाली माझे स्पोर्ट्स शूज. ठरलं.

लॅपटॉप चालू झाला आणि मी डेक उघडला. चौदावी स्लाइड. शीर्षक: ‘डिलिव्हरी प्लॅन’. मजकूर: सहा आठवडे. टीम सातही दिवस उपलब्ध. हे वाक्य मॅनेजरने ठळक अक्षरांत केलं होतं. आमचा विकण्याचा मुद्दाच तो होता.

सहा आठवडे, सातही दिवस. म्हणजे आमच्या सहा जणांच्या टीमचे सहा रविवार. एकाला चार महिन्यांची मुलगी आहे. एकीचं जूनमध्ये लग्न आहे. मी ही स्लाइड पुण्यात दहा वेळा बघितली होती आणि एकदाही मला त्यात माणसं दिसली नव्हती.

हिशोब मांडला. सहा आठवडे सातही दिवस म्हणजे बेचाळीस दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला तर साडेआठ आठवडे. टेस्टिंग थोडं आधी सुरू केलं तर आठ. मी सहा खोडून आठ लिहिलं, ठळक ओळ काढली आणि मॅनेजरला मेल टाकला, ‘स्लाइड १४ बदलली आहे, कारण खाली दिलंय, बघा.’ तेव्हा भारतात रात्रीचे अडीच वाजले होते. प्रमोशनचं वर्ष होतं. झोप? कसली झोप!

सकाळी आठला फोन. ‘‘अगं, तुला कुणी सांगितलं होतं बदलायला? दोन आठवडे वाढवलेस! हातचं काम गेलं म्हणजे?’’

‘‘सर, आपण सहा म्हणू आणि नऊ घेऊ. मागच्या दोन्ही वेळी तेच झालंय. आठ म्हटलं तर आठात देऊ.’’

बराच वेळ काहीच आवाज नाही. मग, ‘‘तुझ्या रिस्कवर.’’

नऊ वाजता मोरपंखी कुर्त्यात उभी राहिले. चौदावी स्लाइड आली तेव्हा घसा कोरडा. टेबलावर पाणी होतं, बुडबुड्यांचं. क्लायंटकडच्या बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘इतर कंपन्यांनी सहा दिलेत. तुम्ही आठ का?’’

मी म्हटलं, ‘‘कारण आम्ही रविवारी काम धरलेलं नाही.’’

खोलीत कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. त्या बाई म्हणाल्या, ‘‘मागच्या प्रोजेक्टला तिकडची टीम रविवारी काम करायची. त्यांना प्रश्न पडायचे, उत्तर द्यायला इथे कुणी नसायचं. मग ते अंदाजाने पुढे जायचे, आणि आमचा अख्खा सोमवार ते दुरुस्त करण्यात जायचा.’’ आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या. शेवटी आठ आठवडे मान्य झाले, पण पहिला टप्पा पाचव्या आठवड्यातच हवा, आणि पैशांत एक रुपया वाढणार नाही. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी फक्त मेलवर बोलला. प्रमोशन त्या वर्षी झालं नाही. त्याचं कारण हेच होतं का, ते मी विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी, त्याच कुर्त्यात, शहराचं नवं ग्रंथालय बघायला गेले. तेही रविवारी बंदच असतं. २०११ मध्ये उघडलेला राखाडी ठोकळा, कोरियन आर्किटेक्ट उन यंग यी यांचा. आत गेलात की सगळं पांढरंशुभ्र, मधोमध मजल्यांवर मजले मोकळे आणि चारी भिंतींना पुस्तकं. दुकानं तेव्हा उघडी होती. शर्टसुद्धा घेता आला असता. घेतला नाही.

बॅग बुधवारी आली. लाडूंचा भुगा झाला होता. दादा, वहिनी आणि मी तो चमच्याने खाल्ला.

तर मंडळी, आता वर्षं झाली याला. माझा प्रत्येक रविवार वाचतो असं नाही. रिलीजच्या वेळी दोनदा बसावं लागलंच. पण टीमला रविवारी मेसेज टाकायचा नाही, हा नियम आहे, आणि तो मोडला की मोडणाऱ्याने सोमवारी सगळ्यांना वडापाव द्यायचा. आतापर्यंत मॅनेजरने तीनदा दिलाय.

आणि चार वाजता फोन येतोच. परवाच्या रविवारी आला तेव्हा लॅपटॉप उघडा होता. खरंच उघडा होता.

‘‘कामावर आहेस का गं?’’ आजोबांनी विचारलं.

मी झाकण खाली केलं. ‘‘नाही.’’

‘‘मग बोल.’’